दोन्ही उजवीकडे

“बाबा, दोन्ही एकाच बाजूला का ठेवलेत?” मुलीनं विचारलं आणि मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच उभा राहिलो. सकाळपासून खपून मी ते स्पीकर लावले होते. पाठवले तिनं, पण खोका उघडला मी, माहितीचा कागद भिंग लावून वाचला मी, जोडले मी. खोका आला त्या दिवशी ती फोनवर म्हणाली होती, “हात लावू नका, रविवारी मी येते आणि लावून देते.” तीस वर्षं पंख्यांच्या मोटरींत तार गुंडाळलेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे आचाऱ्याला चहा करू नकोस म्हणण्यासारखं आहे. ती यायच्या आत लावून दाखवायचे, असं मी ठरवलं आणि लावले. आता त्यातून एक बाई गात होती, मागे व्हायोलिन होतं, आवाज स्वच्छ होता, खरखर नव्हती. मी मुलीच्या तोंडाकडे बघत होतो, शाबासकीसाठी म्हटलं तरी चालेल. आणि तिनं हे विचारलं. मग मी बघितलं. आमचं पुस्तकांचं कपाट बसकं आहे, कमरेएवढं, पण लांबीला पूर्ण भिंतभर. त्याच्या उजव्या टोकाला दोन्ही स्पीकर एकमेकांना चिकटून, शाळेच्या बाकावर दोन पोरं दाटीनं बसावीत तसे. डावं टोक रिकामं. तिथे काही ठेवता येतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. “असेच ठेवतात,” मी म्हणालो. “असे कोणी ठेवत नाही. एकावर डावा, एकावर उजवा असं लिहिलंय ना मागे?” “लिहिलंय.” “मग?” मग काय. उत्तर एकच होतं, आणि ते कुणालाही द्यायचं नाही असं वचन मी तिच्या आईला दिलं होतं.

मुलीनं डावा स्पीकर उचलला आणि त्या टोकाकडे न्यायला लागली तशी वायर ताणली गेली आणि ती थांबली. दोन स्पीकरांना जोडणारी वायर जेमतेम वीतभर होती. “एवढीच दिली त्यांनी?” “दिली होती चांगली लांब. मी कापली.” “कापलीत?” “जादा वायर लोंबत ठेवणं हे आळशी कामगाराचं लक्षण आहे.” ती कपाळाला हात लावून हसली. “बाबा, त्या लोकांना वायर जड झाली म्हणून लांब दिली का हो?” मीही हसलो, पण कान गरम झाले. तिनं चपला घातल्या. “कोपऱ्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान रविवारी उघडं असतं ना? आलेच मी. तुम्ही स्वस्थ बसा. आणि अजून काही कापू नका.”

दार लागलं. मी गाणं बंद केलं आणि बसलो. तिच्या आईच्या खुर्चीत नाही, खुर्चीच्या उजवीकडे स्टूल असतं त्यावर. ती खुर्ची कपाटासमोर आहे, आणि गेली पस्तीस वर्षं माझी जागा हे स्टूल. तिची आई जाऊन आठ महिने झाले, खुर्ची रिकामी आहे, पण मी स्टुलावरच बसतो आणि मान डावीकडे वळवूनच बसतो. मानेला तशी सवय झाली आहे. बसल्या बसल्या मी खोलीकडे नव्यानं बघितल्यासारखं बघितलं. घड्याळ उजवीकडच्या भिंतीवर. दाराची घंटा उजवीकडे, ती मी स्वतः बसवली, वायर सबंध खोलीभर फिरवून. फोन उजवीकडे. जुना रेडिओ होता तो कपाटाच्या उजव्या टोकाला असायचा, अगदी जिथे आता स्पीकर होते तिथेच. ह्या घरात आवाज करणारी प्रत्येक वस्तू मी उजवीकडे ठेवत आलो, आणि आज दोन डबे हातात आल्यावर माझ्या हातांनी मला न विचारता तेच केलं. हातांना कोणी सांगितलं नव्हतं की ती गेली.

तिचा डावा कान मेलेला होता. एकोणिसाव्या वर्षी तापात गेला. लग्न ठरण्याआधी आमची दुसऱ्यांदा भेट झाली तेव्हा तिनंच सांगितलं, “माझा डावा कान कामाचा नाही. पटत असेल तर बघा.” मी म्हणालो, “बोलायला उजवा आहे ना?” यापेक्षा चांगलं वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. मला सजवून बोलता येत नाही, तिला ते माहीत होतं आणि चालत होतं. पुढे मी ज्या पंख्यांच्या कारखान्यात होतो तिथेच बायकांची भरती निघाली, टेस्टिंगच्या खात्यात. त्या कामाला कान लागतो. पंखा हुकाला लटकवतात, वीज सोडतात, आणि खाली उभं राहून ऐकायचं. बेअरिंग कुरकुरतं का, मोटर घुमते का, पातं कुठे घासतं का. जे मोजायला यंत्रं होती ती नुसती आकडे सांगायची, आणि आकडे बरोबर असलेला पंखासुद्धा माणसाची झोप उडवू शकतो. म्हणून कानाची परीक्षा असायची. मी म्हणालो, पॅकिंगला अर्ज कर. ती म्हणाली, “पॅकिंगला कोणीही जाईल.” ती ज्या ठसक्यात म्हणाली, तो अजून माझ्या पाठीला जाणवतो, कारण ती पाठीत बोट खुपसून बोलायची.

कारखान्याचे डॉक्टर डोळे मिटायला सांगायचे आणि टिकटिकणारं मोठं घड्याळ कानाशी धरून हळूहळू लांब न्यायचे. टिकटिक ऐकू येईनाशी झाली की हात वर करायचा. तिचा आधी उजवा कान घेतला. ती मनात आकडे मोजत राहिली आणि एकोणीसला हात वर केला. मग डॉक्टर डावीकडे आले. “हं, सुरू,” म्हणाले, ते तिनं उजव्यानं ऐकलं. डावीकडे तिला काहीच नव्हतं, नुसती डॉक्टरांच्या बाहीची ऊब. ती परत मोजायला लागली आणि अठराला हात वर केला. एक आकडा मुद्दाम कमी. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, दोन्ही कान उत्तम, डावा किंचित कमी. त्या दिवशी घरी आल्यावर ती हे सांगताना इतकी हसली की पोटात दुखायला लागलं. “किंचित कमी,” ती म्हणायची. पुढे भाजीत मीठ नसलं की आमच्या घरी ‘मीठ किंचित कमी’ असं म्हणायची पद्धत पडली, आणि मुलीला कधी कळलं नाही की आम्ही दोघं त्यात हसतो कशाला.

सव्वीस वर्षं ती टेस्टिंगला होती. मोठ्या आवाजाच्या शेडला लागून ती खोली, मध्ये दुहेरी दार, भिंतींना आवाज शोषणारा जाड नमदा, तरी शेडची घरघर आत यायचीच. बाकीच्या दोघी-तिघींचा त्यात गोंधळ व्हायचा. ही मेलेला कान शेडकडे करून उभी राहायची, हनुवटी वर, उजवा कान पंख्याला दिलेला, डोळे अर्धे मिटलेले. दहा आकडे मोजायची. मग हातातल्या खडूनं मोटरीवर फुली मारायची किंवा नाही मारायची. फुली पडली की मोटर खाली उतरवायची, वाद घालायचा नाही, हा खात्याचा नियम. माझ्याही मोटरींवर फुल्या पडल्या. शेडमधले म्हणायचे, “काय, मिळाला का घरचा आहेर?” मी एकदाच वाद घातला. माझं गुंडाळणं पक्कं होतं याची मला खात्री होती, सगळ्यांसमोर म्हणालो की ह्या मोटरीत खोट निघाली तर मी नाव बदलेन. उघडली. एका खाचेत तारेचा वेढा केसभर सैल होता, वीज सोडली की थरथरत होता. तिनं पुढचा पंखा हुकाला लावायला सांगितला. घरी आल्यावर पाणी देताना म्हणाली, “मग, काय नाव ठेवायचं?” तिला पुढे त्या खात्याची मुख्य केलं तेव्हा जुन्या बायका म्हणाल्या, कानामागून आली आणि तिखट झाली. मी ऐकलं आणि मान खाली घालून निघालो, कारण मला हसू आवरेना. ह्यांना काय माहीत कुठल्या कानामागून.

लपवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हतं. कोणी विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं, पण दोन कान दिसत असलेल्या बाईला कोण विचारणार. लपवणं म्हणजे कवायत होती. घरात मी तिच्या उजवीकडे, बाहेर डावीकडे. रस्त्यानं जाताना, लग्नकार्यात, कारखान्याच्या फाटकाशी, मी तिच्या डाव्या बाजूला चालायचो आणि माझा उजवा हात तिच्या कोपराशी असायचा. लोक म्हणायचे, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी नवरा हात सोडत नाही. एकदा दाबलं की डावीकडून कोणीतरी बोलतंय, वळ. दोनदा दाबलं की नुसतं ‘हो’ म्हण. एकदा आमचा फोरमन डावीकडून काहीतरी पुटपुटला, मी घाईत दोनदा दाबलं, ती ‘हो’ म्हणाली, आणि त्या आठवड्यात तिला दोन पाळ्या जादा कराव्या लागल्या. आठ दिवस मला ऐकावं लागलं. अजूनही मी रस्त्यानं चालतो तेव्हा उजवा हात अंगापासून जरा लांब राहतो. समोरून येणारी माणसं माझ्या उजवीकडून जात नाहीत, वळसा घालतात, तिथे कोणी आहे असं समजून की काय. निरोप समारंभाला फोरमन भाषणात म्हणाला, “या बाईंना दोन नाही, चार कान आहेत.” टाळ्या पडल्या. ती माझ्याकडे बघून म्हणाली, ओठ न हलवता, “तीन जास्त झाले.” माझी छाती त्या दिवशी शर्टात मावत नव्हती आणि मला ते कोणापाशी बोलता येत नव्हतं. दोन कानांनी करतात ते काम सगळेच करतात. हिनं एका कानानं केलं आणि सगळ्यांपेक्षा चांगलं केलं, हे जगात एकट्या मला ठाऊक. अशी गोष्ट पोटात ठेवणं किती अवघड असतं, ते ज्यानं ठेवली त्यालाच कळेल.

आणि ती पोटातच ठेवायची होती. जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात तिनं परत वदवून घेतलं. मी म्हणालो, आता काय, नोकरी संपली, आता सांगायला काय हरकत आहे. ती म्हणाली, “मी पास केलेले पंखे अजून लोकांच्या घरात फिरतायत. कळलं तर म्हणतील, बहिरीनं पास केले.” मी म्हणालो, निदान मुलीला. लहान असताना तिला सांगितलं नाही ते बरोबर होतं. खालच्या मजल्यावर पॅकिंगमधली बाई राहायची, मुलगी दिवसभर तिच्याकडे, पोरं काय बोलतील त्याचा नेम नाही. पण आता ती चाळिशीला आली. तर म्हणाली, “तिच्या डोळ्यांत मी खणखणीत माल आहे. मरताना दुरुस्तीचा नका करू.” मी तिच्या कोपराला दोनदा दाबलं. ती स्वतःच ‘हो’ म्हणाली आणि हसली.

मुलगी परत आली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या वायरीचं वेटोळं होतं. “लाल-काळी संपली म्हणे. ही दोन्हीकडे पांढरीच आहे. चालेल?” “चालेल की. खूण करायची.” मला बरं वाटलं, काम आलं. हे स्पीकर कसे असतात तेही तिला मीच समजावलं, ती इंजिनीयर असली तरी ऐकून घेतलं तिनं. एका डब्यात सगळं यंत्र असतं, वीज त्यालाच लावायची, फोन त्यालाच जोडायचा, आवाजाचं बटण त्यालाच. दुसरा नुसता डबा, त्याला या वायरीतून मिळेल तेवढंच. सकाळी खोका उघडला तेव्हा मला वाटलं, एक कमावता आणि एक बसून खाणारा. पण मागे दोन-दोन खुंट्या, एक लाल, एक काळी, आणि नियम एवढाच की इकडची लाल तिकडच्या लालला, काळी काळीला. दोन्ही तारा दिसायला सारख्या असतील तर एकीच्या दोन्ही टोकांना खूण हवी. गुंडाळीच्या कामात आम्ही सुरुवातीच्या टोकाला दोऱ्याची गाठ मारायचो. शेवट कुठला आणि सुरुवात कुठली हे चुकलं तर मोटर फिरत नाही, नुसती गुरगुरते. तीस वर्षांत माझी एकही गाठ चुकली नाही. मी शिवणाच्या डब्यातून काळा दोरा काढला आणि वायरीच्या एका टोकाला गाठ मारून ते टोक तिच्याकडे दिलं.

वायर कपाटामागून न्यायची म्हणून मी उजव्या टोकाला बसून सरकवत होतो आणि ती डाव्या टोकाला गुडघ्यांवर बसून ओढत होती. तिथून स्वयंपाकघराचं दार समोर दिसतं. ती ओढायची थांबली. “सरकव ना,” मी म्हणालो, म्हणजे ओढ म्हणायचं होतं. ती म्हणाली, “या दारात मी किती उभी राहिलेय.” “कशाला?” “आईशी बोलायला.” मग जरा वेळानं, “आई बोलायची नाही.” मी दोऱ्याचं टोक दातानं तोडत होतो. “बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कधी काढलं नाही. मला हॉस्टेलला पाठवलं ना तुम्ही सतराव्या वर्षी, त्याच्या आदल्या दिवशी मी इथे उभी होते. आई भांडी घासत होती. मी म्हटलं, आई, मला नाही जायचं. मी नाही गेले तर चालेल का? तिनं वर पण बघितलं नाही. मी उभी राहिले. तिनं एक पातेलं घासलं, विसळलं, पालथं घातलं. दुसरं घेतलं. तेपण घासलं. तिसरं घेतल्यावर मी आत जाऊन बॅग भरली.” “नळ सुरू असेल,” मी म्हणालो. “नळ नेहमीच सुरू असायचा. ती फक्त माझंच ऐकायची नाही. कारखान्यात म्हणे चार कान, आणि मला एक नाही.” हे ती रागानं म्हणाली नाही. वायर किती लांब लागेल हे सांगावं तसं म्हणाली. वीस वर्षांत सगळा राग सुकून गेलेला, त्याचं नुसतं माप उरलेलं. “चांगलंच झालं म्हणा गेले ते. पण मग नंतर मीही फार काही विचारायला गेले नाही तिला.”

मी गाठ मारत होतो. ओटा कोपऱ्यात आहे, उजवीकडे भिंत, दार डावीकडे. नळ सुरू, हातात पातेलं, आणि पोर डावीकडून बोलतेय. पहिल्या वर्षी मुलगी हॉस्टेलवरून पत्रं मला लिहायची, आईला खाली एका ओळीत नमस्कार. तिची आई ती ओळ दोनदा वाचायची आणि विचारायची, “माझ्यावर रुसलीय का हो ती?” मी म्हणायचो, वयच तसं असतं. घंटा मी खोलीभर वायर फिरवून उजवीकडे आणली. घड्याळ हलवलं. रस्त्यावरचं प्रत्येक माणूस मी कोपरातून तिच्यापर्यंत पोचवलं. घराची प्रत्येक बाजू मी सांभाळली, फक्त स्वयंपाकघर राहिलं, कारण मी तिकडे जातच नसे. पाणी हवं असलं तर मी हाक मारायचो. उजवीकडून.

“झालं का बाबा?” मी हो म्हणालो. तारा खुंट्यांत घातल्या, पेच आवळले. तिनं तिकडे डावा स्पीकर कपाटाच्या टोकाला नीट ठेवला, खुर्चीकडे तोंड करून, आणि येऊन आईच्या खुर्चीत बसली. सहज बसली. मी फोनवर तीच बाई परत लावली. आवाज आला, दोन्हीकडून आला. पण मुलगी कपाळाला आठी घालून ऐकत राहिली. “काहीतरी विचित्र आहे. बाई आहे पण कुठे आहे ते कळत नाही. डोक्याच्या मागे असल्यासारखी. पातळ वाटतेय.” मी तिच्यामागे उभा राहून ऐकलं. खरं होतं. सकाळी दोन्ही चिकटून होते तेव्हा बाईचा आवाज भरीव होता, आता आतून पोखरल्यासारखा. व्हायोलिन इकडे-तिकडे सांडलेलं आणि मध्ये भोक. “स्पीकरच खराब असेल, बदलून घेऊ,” ती म्हणाली. “स्पीकर चांगला आहे,” मी म्हणालो, “गाठ चुकली.” मी जाऊन बघितलं. उजव्या टोकाला मी काळा दोरा भलत्याच तारेला बांधला होता. एक डबा हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, दोघं एकमेकांचं पुसून टाकत होते. तीस वर्षांत पहिली चुकलेली गाठ, आणि ती कुठल्या वाक्याला चुकली हे मला माहीत होतं.

मी गाठ सोडली, दुसऱ्या तारेला मारली, तारा अदलाबदल करून परत आवळल्या. आवळताना माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. वचन म्हणजे वचन. तिनं मागून मागून काय मागितलं आयुष्यात, तर हे. पण तिनं मागितलं तेव्हा तिला दारातली पोर माहीत नव्हती. माहीत असतं तर काय म्हणाली असती? मी ओळखतो तिला. तिनं स्वतःच्या मोटरीवर स्वतः फुली मारली असती. आणि दुसरं म्हणजे, हे काही वाईट नव्हतं जे मी लपवून ठेवलं होतं. ही माझ्याकडची सगळ्यात चांगली वस्तू होती. पोरीला आईकडून दागिने मिळाले, साड्या मिळाल्या, आणि हेच तेवढं मी कुलपात ठेवून बसलो होतो. तरी जीभ उचलेना. तोंडानं सांगायचं नाही असं म्हटलं होतं तिनं, आणि मला तोंडानं सांगता येत नाही हेही खरंच आहे. माझी कामं हातांनी होतात.

गाणं परत लावलं. या वेळी मुलीची आठी गेली. बाई मध्ये उभी होती. डावीकडे एक डबा, उजवीकडे एक डबा, आणि मध्ये जिथे काहीच नव्हतं, नुसत्या पुस्तकांच्या पाठी होत्या, तिथून ती गात होती, इतकी स्पष्ट की तिनं श्वास घेतला तो कुठे घेतला ते बोट दाखवून सांगता आलं असतं. “बाबा,” मुलगी म्हणाली, “हे बरोबर आहे. मध्ये आहे ती.” मला हवी होती ती शाबासकी आता मिळाली. हे मधलं तिच्या आईनं कधी ऐकलं नाही. तिच्यासाठी मध्य नव्हताच, सगळं जग एका बाजूला.

मी मुलीच्या मागे गेलो आणि माझा डावा तळवा तिच्या डाव्या कानावर ठेवला. घट्ट. तिला वाटलं मी लाडानं डोकं धरतोय, ती किंचित हसली. मग हसू थांबलं. “बाई गेली,” ती म्हणाली. “उजवीकडे सरकली सगळी.” मी उजव्या हातानं फोनवरचा आवाज वाढवला, व्हायोलिन नळासारखं कोसळायला लागलं. मग तळवा तसाच दाबून मी खाली वाकलो, तिच्या डाव्या बाजूला, दार जिथे असतं त्या बाजूला, आणि तिचंच वाक्य म्हणालो. आई, मला नाही जायचं. मी नाही गेले तर चालेल का? जसं सतरा वर्षांची पोर म्हणेल तितक्याच आवाजात. मुलगी समोर बघत राहिली. गाणं सुरू होतं. तिनं वर पण बघितलं नाही. मग तिला मानेवर माझा श्वास लागला असेल, ती म्हणाली, “काय? काय म्हणालात?”

मी तळवा काढला नाही. ती वळायला गेली, तिला वळता येईना. मी फोनवर गाणं थांबवलं. तिनं हळूच माझा हात कानावरून काढला आणि हातात धरून ठेवला, आणि तिची नजर घड्याळाकडे गेली. मग घंटेकडे. मग फोनच्या जागेकडे, स्टुलाकडे, कपाटाच्या उजव्या टोकाकडे. ती हुशार आहे, तिला मोजायला वेळ लागत नाही. शेवटी ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. “बाबा, आईला या बाजूनं ऐकूच येत नव्हतं?” तिच्या आईला दिलेलं वचन तोंडाचं होतं. मी मुलीचा कोपर धरला आणि दोनदा दाबलं.

तिनं डोळे पुसले, नाक पुसलं. मग म्हणाली, “कारखान्यात?” मी मान हलवली. “सव्वीस वर्षं? कोणालाच नाही कळलं?” “डॉक्टरांना थोडंसं कळलं होतं,” मी म्हणालो. “त्यांनी लिहिलं, डावा किंचित कमी.” तिनं माझ्याकडे बघितलं. मीठ, भाजी, आम्हा दोघांचं हसणं, सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. आणि मग ती हसली, आईसारखी, पोट धरून, रडता रडता. “एका कानानं,” ती म्हणाली. “एका कानानं सगळ्यांच्या मोटरी परत पाठवल्या. तुमच्यासुद्धा.” “माझ्या सगळ्यात जास्त,” मी म्हणालो. इतक्या वर्षांनी हे मोठ्यानं म्हणायला मिळालं. माझा आवाज खोलीत जरा जास्तच मोठा झाला असेल.

स्पीकर बंद होते. मुलगी खुर्चीतच बसून राहिली आणि तिनं स्वतःच डाव्या कानात बोट घातलं. मी स्टुलावर बसलो, तिच्या उजवीकडे. बाहेर दुपारची शांतता होती, लांब कुठे तरी एक गाडी सुरू होत नव्हती. मुलीनं हनुवटी वर केली. डोळे अर्धे मिटले. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. वर आमचा पंखा फिरत होता, त्याच कारखान्यातला, तिच्या आईनं स्वतः ऐकून पास केलेला, बावीस वर्षं एकाही दिवसाची तक्रार नसलेला. मी मनात आकडे मोजत होतो असं माझ्या उशिरा लक्षात आलं. दहाला मुलीनं डोळे उघडले.

“बाबा, पंख्याचं बेअरिंग कुरकुरतंय.”

मी कान दिला. दोन्ही दिले. मला काहीही ऐकू आलं नाही. पंखा तेल लावल्यासारखा फिरत होता. तसं मी म्हणणार होतो, तोंड उघडलंसुद्धा होतं. मग उठलो, बटण बंद केलं, पाती थांबेपर्यंत खाली उभा राहिलो, आणि मोटर खाली उतरवायला स्टूल मध्ये ओढलं.